हॅमॉक : टांगलेलं अंथरूण आणि मागे राहिलेला विस्तव

वस्तूंच्या इतिहासावरच्या या मालिकेत आज आपण एका अंथरुणाकडे वळतो आहोत. दोन झाडांच्या मध्ये बांधायचं, जमिनीपासून हात-दीड हात वर, आणि त्यात निजायचं. इंग्रजीत त्याला हॅमॉक म्हणतात. मराठीत झोळी म्हणावं, तर भिक्षेची झोळी डोळ्यांपुढे येते. झोपाळा म्हणावं, तर पितळी कड्यांचा लाकडी झोपाळा आठवतो. तेव्हा आपण सरळ हॅमॉकच म्हणू. त्या शब्दालाही स्वतःचा इतिहास आहे, तो पुढे येईलच.

विषय निवडला तो श्रोत्यांच्या पत्रांमुळे. तुमच्यापैकी काहींची मुलं अमेरिकेत आहेत आणि तिथल्या अ‍ॅपलाचियन ट्रेलसारख्या लांब पायवाटांवर आठवडेच्या आठवडे चालतात. तंबूऐवजी हॅमॉक नेतात. आईवडिलांचा प्रश्न असा की, बर्फाच्या दिवसांत उघड्यावर टांगून घेऊन झोपायचं, हा शहाणपणा आहे का? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सियसच्या खाली गेलं की माणसाचं डोकं नीट चालेनासं होतं, आणि आपलं डोकं चालत नाही हे त्याचं त्यालाच कळत नाही. ओल आणि वारा असेल तर हे शून्याच्या वरच्या हवेतही घडतं. म्हणून आम्ही या प्रश्नाचं उत्तर इतिहासातून शोधायचं ठरवलं.

सुरुवातीला न्यायशास्त्रातली एक कल्पना हाताशी घेऊ. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा एवढी सवलत द्या. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचं प्रसिद्ध अनुमान. ते उलटं करून बघा : जिथे अग्नी आहे तिथे धूर आहे. हे खरं ठरत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर केव्हा निघतो? सरपण ओलं असलं तर. म्हणजे ‘अग्नी असेल तर धूर असतो’ या विधानात एक अट लपलेली आहे, ती म्हणजे ओलं इंधन. या लपलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ती दिसत नाही तोवर विधान बिनचूक वाटतं. चूक उघडकीला येते ती परिस्थिती बदलल्यावर.

आता ‘हॅमॉकमध्ये झोप छान लागते’ हे विधान घ्या. यातली उपाधी कोणती, ते आपल्याला शोधायचं आहे.

ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस बहामा बेटांवर पोचला. त्याची मूळ रोजनिशी आज उरलेली नाही. बार्तोलोमे दे लास कासास यांनी तिचा जो गोषवारा करून ठेवला, त्यावर आपली भिस्त आहे. त्यात बेटांवरच्या लोकांची अंथरुणं कापसाच्या जाळ्यांसारखी असतात, अशी नोंद आहे. हे लोक ताइनो. त्यांचा शब्द ‘हामाका’. तो स्पॅनिशनं जसाच्या तसा घेतला, आणि स्पॅनिशमधून तो इंग्रजी, फ्रेंच अशा भाषांत गेला. डच लोकांनी गंमत केली. त्यांनी त्याचं ‘हांगमाट’ केलं, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘टांगलेली चटई’. ऐकणाऱ्याला वाटावं की शब्द मुळातच डच आहे. ‘कनू’ आणि ‘हरिकेन’ हे इंग्रजी शब्दही त्याच बेटांच्या भाषेतून आले. शब्द जगभर गेले. ज्यांचे ते होते ते लोक मात्र रोगराई, सक्तीची मजुरी आणि हिंसा यांत अवघ्या काही दशकांत होत्याचे नव्हते झाले. कॅरिबियन बेटांवर आजही काही जण आपलं मूळ ताइनो असल्याचं अभिमानानं सांगतात, हेही नोंदवून ठेवू.

वस्तूचं पहिलं तपशीलवार वर्णन गोन्सालो फर्नांदेस दे ओव्हिएदो या स्पॅनिश इतिहासकारानं केलं. त्याचा मोठा ग्रंथ १५३५ मध्ये छापला गेला. विणकर कापडाकडे पाहतो तशा नजरेनं तो हॅमॉककडे पाहतो : सूत कसलं, वीण कशी, दोऱ्या कुठे. आणि बोलता बोलता तो एक गोष्ट सांगून जातो, जी आजच्या आपल्या विषयाचं मूळ आहे. थंडी असेल तर हॅमॉकच्या खाली किंवा जवळपास जमिनीवर बिनज्वाळेचे निखारे ठेवतात, असं तो लिहितो.

त्यानंतर थोड्याच वर्षांत हान्स श्टाडेन नावाचा एक जर्मन तोफची ब्राझीलमध्ये तुपिनांबा लोकांच्या कैदेत सापडला. सुटून आल्यावर, १५५७ मध्ये, त्यानं आपली हकिगत छापली. ताइनो आणि तुपिनांबा हे वेगळे लोक, मध्ये हजारो किलोमीटरचं अंतर. पण झोपायची रीत तीच : सुती जाळं, दोन खांब, आणि रात्रभर जवळ पेटता विस्तव.

हे ऐकून तुमच्यापैकी वडीलधाऱ्या बायकांना काही आठवलं असेल. बाळंतिणीची बाज! बाजेवर बाळंतीण आणि खाली निखाऱ्यांची शेगडी. सुंभाच्या विणीतून ऊब वर येते आणि पाठ, कंबर शेकली जाते. जमिनीपासून उचललेल्या, सच्छिद्र अंथरुणाला ऊब खालून द्यावी लागते, हे आपल्या घरांतल्या सुईणींना जसं माहीत होतं, तसंच कॅरिबियन बेटांवरही माहीत होतं. कुणी कुणाकडून शिकलं नाही. अडचण सारखी, म्हणून तोड सारखी.

तेव्हा मूळ हॅमॉक म्हणजे नुसतं जाळं नव्हतं. जाळं आणि विस्तव, अशी ती जोडी होती. ज्या रात्री हवा उबदार, त्या रात्री विस्तवाचं काम हवा करायची. ही आपली उपाधी. हॅमॉकमध्ये झोप छान लागते, पण केव्हा? पाठीखाली ऊब असेल तेव्हा.

पुढचा इतिहास म्हणजे जाळं प्रवासाला निघालं आणि विस्तव मागे राहिला, याचा इतिहास. ओव्हिएदोनं तर तेव्हाच सुचवलं होतं की स्पेन आणि इटलीतल्या सैन्यांना अशी अंथरुणं द्यावीत, म्हणजे हिवाळ्यात, वादळवाऱ्यात जमिनीवर झोपून इतके सैनिक आजारी पडणार नाहीत, मरणार नाहीत. सूचना अर्धी बरोबर होती. ओल्या जमिनीपासून सुटका झाली असती. खालून वाहणाऱ्या वाऱ्याचं काय, हा प्रश्न उरलाच असता.

सैन्यानं नाही, पण आरमारानं हॅमॉक उचललं. इंग्लंडच्या आरमारात १५९७ पासून त्याला अधिकृत मान्यता मिळाली. जहाज हेलकावे खातं तेव्हा टांगलेला माणूस स्थिर राहतो, गडगडत नाही. सकाळी अंथरूण गुंडाळलं की तोफांसाठी जागा मोकळी. गुंडाळलेली हॅमॉकं डेकच्या कडेला जाळीत रचून ठेवत. लढाईत बंदुकीच्या गोळ्यांपासून तेवढाच आडोसा. आणि खलाशी मेला तर त्याच हॅमॉकमध्ये त्याला शिवून समुद्रात सोडत.

मग जहाजावर थंडी कशी भागली? लाकडी जहाजात दारूगोळ्याच्या सान्निध्यात प्रत्येकाच्या खाली निखारे ठेवणं अशक्य. तिथे हॅमॉक जाळ्याचं न राहता जाड कॅनव्हासचं झालं, त्यात पातळ गादी आणि घोंगडी आली. शिवाय माणसामागे रुंदी किती, तर १४ इंच! अर्धे पहाऱ्यावर गेले की जरा ऐसपैस. बंद डेकवर शेकडो माणसं अशी खेटून टांगलेली असली, की विस्तवाची गरज कुणाला भासणार? माणसांची दाटी हीच तिथली शेगडी. उपाधी पुन्हा झाकली गेली.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यानं जंगलासाठी खास हॅमॉक बनवलं : वर रबराचा लेप दिलेलं छप्पर, बाजूंना मच्छरदाणी. ते पॅसिफिकच्या दमट बेटांसाठी होतं. पुढे व्हिएतनाममध्ये तिथल्या सैनिकांनी हलकी नायलॉनची हॅमॉकं पाठीवर बाळगली. दोन्ही ठिकाणी शत्रू होते ते पाऊस, डास आणि चिखल. थंडीचा प्रश्न मोठा नव्हता. म्हणजे साडेचारशे वर्षं हॅमॉक जिथे जिथे गेलं, तिथे ऊब या ना त्या रूपानं आयती मिळत गेली.

आयती ऊब संपली ती अ‍ॅपलाचियन ट्रेलवर. ही वाट १९२१ मध्ये बेंटन मॅकाय यांनी सुचवली आणि १९३७ मध्ये पुरी झाली. दक्षिणेला जॉर्जिया, उत्तरेला मेन, १४ राज्यं, सुमारे ३,५०० किलोमीटर. १९४८ साली अर्ल शेफर या माजी सैनिकानं ती सलग चालून पुरी केली. अशी ही पहिली नोंद मानतात. ही वाट बहुतेक ठिकाणी दाट झाडीतून जाते. जमीन उतरती, दगडधोंड्यांची, मुळ्यांची आणि ओली. तंबूला सपाट जागा मिळणं मुश्कील, आणि झाडं मात्र हवी तेवढी. हॅमॉकला याहून चांगला मुलूख कुठला? पण दक्षिणेकडून निघणारे बहुतेक जण मार्च-एप्रिलमध्ये निघतात, कारण मेनमधल्या कटाडिन पर्वतावर हिवाळ्याआधी पोचायचं असतं. त्या दिवसांत दक्षिणेतल्या स्मोकी पर्वतांत वाट २,००० मीटरच्या वर चढते, तिथे रात्री बर्फ पडतो. इथे ना निखारे, ना खेटून झोपलेले सोबती.

आता बघा काय होतं. माणूस उत्तम स्लीपिंग बॅग घेऊन हॅमॉकमध्ये शिरतो आणि मध्यरात्री पाठ, कंबर गारठून जागा होतो. बॅग तर चांगली होती! कारण असं की पिसं किंवा कृत्रिम कापूस स्वतः ऊब देत नाहीत. त्यांच्यात अडकलेली स्थिर हवा शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. अंगाच्या भारानं पाठीखालची पिसं दाबली जातात, हवा निघून जाते, आणि बॅगेचा तो भाग नुसतं कापड उरतो. जमिनीवर झोपलं तर खाली मॅट असते. हॅमॉकमध्ये त्या कापडाच्या खालून वारा वाहतो आणि ऊब ओरबाडून नेतो. मॅट हॅमॉकमध्येही घालता येते, पुष्कळ जण घालतात. पण ती सरकते, कापडाच्या वळणाबरोबर वळत नाही आणि खांदे उघडे पडतात.

उत्तर निघालं ते एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला. ते काढणाऱ्यांत घरच्या शिवणयंत्रावर प्रयोग करणारे हौशी चालणारेही होते. २००३ मध्ये एड स्पीअर यांचं हॅमॉक कॅम्पिंगवरचं पुस्तक आलं, त्याच सुमाराला ही माहिती हातोहात पसरू लागली. युक्ती ऐकायला अगदी साधी आहे : रजई हॅमॉकच्या आत घालू नका, बाहेरून, खालच्या बाजूला टांगा. तिला अंडरक्विल्ट म्हणतात. अंगाचा भार हॅमॉकचं कापड पेलतं. रजईवर भार पडत नाही, म्हणून ती फुगलेली राहते. वरून पांघरायला दुसरी रजई. श्रोतेहो, शेगडी जिथे होती नेमक्या त्याच जागी ही रजई आली. फरक एवढाच की शेगडी ऊब देत होती, रजई असलेली ऊब राखते.

आता हातात दोर घेऊन प्रत्यक्ष बांधू.

आधी जागा. दरीच्या तळाशी नको, रात्री थंड हवा तिथे साचते. उघड्या धारेवरही नको, तिथे वारा. मधल्या उतारावर, वाऱ्याला पाठ देऊन असलेली झाडी बघावी. झाडं जिवंत आणि पोटरीहून जाड हवीत. वर मान करून बघायला विसरू नका : वाळकी फांदी डोक्यावर असेल तर ती जागा सोडून द्या. दोन झाडांमध्ये साधारण साडेचार मीटर अंतर बरं.

मग पट्टे. झाडाला बारीक दोरी कधीही बांधू नये. सालीच्या लगेच आत झाडाचा वाढता, जिवंत थर असतो. दोरी तिथे रुतते. निदान अडीच सेंटिमीटर रुंदीचे, न ताणणारे पट्टे वापरावेत आणि ते साधारण दीड-पावणेदोन मीटर उंचीवर बांधावेत. बसल्यावर हॅमॉक खुर्चीच्या उंचीला यावं.

मग झोळ. नवखा माणूस हॅमॉक ताणून, खाटेसारखं सपाट बांधू पाहतो. सपाट बांधलं की सपाट झोपता येईल, असं त्याला वाटतं. गणित करून बघा. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक बाजूवर ताण पडतो तो तुमच्या वजनाइतका. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा प्रत्येक पट्ट्यावर ७० किलोंचा. कोन १० अंश केला तर तोच ताण सुमारे २०० किलो. ५ अंश केला तर ४०० किलो! पट्टे तुटतात, झाड दुखावतं आणि कापडाच्या कडा खांदे आवळतात. म्हणून ३० अंश.

झोळ रोज सारखा मिळावा म्हणून हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणारी एक पक्क्या लांबीची दोरी वर असते. आपण तिला आढ्याची दोरी म्हणू. तिची लांबी हॅमॉकच्या लांबीच्या साधारण ८३ टक्के ठेवतात : ३.३ मीटरच्या हॅमॉकला सुमारे २.७५ मीटर. आणि निजायचं ते तिरकं, डोकं एका कडेला, पाय दुसऱ्या कडेला. तिरकं निजलं की पाठ जवळजवळ सपाट होते. केळ्यासारखं वाकून रात्र काढावी लागत नाही.

मग खालची रजई. ती इलॅस्टिकच्या दोरीनं दोन्ही टोकांना अडकवलेली असते. फार आवळली तर दबते, फार सैल सोडली तर मध्ये पोकळी राहून गार वारा शिरतो. आत झोपून, हात बाहेर काढून चाचपून बघावं : रजई कापडाला सगळीकडे नुसती टेकलेली हवी. डोक्याकडची आणि पायांकडची फट बंद हवी. थंडीत सर्वांत जास्त फसगत होते ती याच जागी, म्हणून हे अंधार पडायच्या आत बघावं.

शेवटी ताडपत्री. थंडीत ती खाली ओढून, वाऱ्याच्या बाजूनं जमिनीजवळ आणून, दोन्ही टोकं दारांसारखी मिटता येतील अशी बांधावी. पट्ट्यांवरून पावसाचं पाणी ओघळत आत येतं, म्हणून ताडपत्रीच्या आत, हॅमॉकच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधावा. पाणी तिथून ठिबकून जातं.

एक ताकीद. आम्ही निखाऱ्यांचं एवढं कौतुक केलं म्हणून नायलॉनच्या हॅमॉकखाली कुणी विस्तव ठेवू नये. ते सुती जाळं होतं आणि बघणारी माणसं भोवती होती. नायलॉन वितळतं, ताडपत्री भडकते. फार तर घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, ती मोज्यात घालून जवळ घ्यावी.

आणि सगळ्यांत मोठी अट तर उघडच आहे : झाडं हवीत. कटाडिनच्या माथ्यावर झाडं नाहीत. हिमालयात ज्या उंचीवर आपली मुलं ट्रेकला जातात, तिथे वृक्षरेषेच्या वर हॅमॉक निरुपयोगी. पट्टे बांधायला काहीच नसेल त्या मुक्कामाला तंबूच न्यावा. तेव्हा मुलांना विचारायचं असेल, तर ‘थंडी वाजेल का’ असं विचारू नका. ‘खालची रजई किती अंशांपर्यंतची आहे, आणि घराजवळ एखाद्या थंड रात्री तिच्यात झोपून पाहिलं आहेस का’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘नाही वाजत, आई’ एवढंच उत्तर मिळतं. दुसऱ्याला खरं उत्तर द्यावं लागतं.

इतिहासाकडून आम्ही इथे काय घेतो? एखादी वस्तू दुसऱ्यांकडून घेताना आपण तिचा डोळ्यांना दिसणारा भाग उचलतो. तिच्या भोवतीची रीत, हवा, शेजार, विस्तव हे सारं मागे सोडतो, कारण ते वस्तूचाच भाग आहे हे आपल्याला दिसत नाही. ओव्हिएदोनं निखाऱ्यांची गोष्ट छापून ठेवली होती, १५३५ मध्ये. खालची रजई यायला त्यानंतर साडेचारशेहून जास्त वर्षं गेली. ज्ञान हरवलं नव्हतं. त्याची गरज पडेपर्यंत ते कुणी वाचलं नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण कंदिलाकडे वळू. प्रश्न नेहमीप्रमाणे लिहून पाठवा.